मोजून दिलेली झोप

गेल्या वैशाखातली गोष्ट. आमची चार वर्षांची नात सुट्टीला इंदापूरला आली होती. संध्याकाळी ओट्यावरून उडी मारताना तिचा पाय सटकला, पायरीची कड तोंडावर बसली आणि खालचा ओठ चांगलाच फाटला. गावातल्या डॉक्टरांनी रक्त थांबवलं, पण ओठाची कड नीट जुळली नाही तर व्रण कायमचा राहील, टाके बारामतीला घाला, असं सांगितलं. तशीच गाडी काढली. निमगाव केतकी, अंथुर्णे, सणसर. आषाढात तुकोबांची पालखी ज्या रस्त्याने येते, त्याच रस्त्याने आम्ही उलटे निघालो होतो. सुनेच्या मांडीवर पोर हुंदके देत होती आणि माझ्या डोळ्यांपुढे मात्र तिचा ओठ नव्हता. १९६९ सालचं एक लाकडी टेबल होतं.

माझा धाकटा भाऊ तेव्हा सहा वर्षांचा होता. उसाच्या फडात खेळताना कोयत्यावर त्याची टाच पडली. त्या वेळी एका दवाखान्यात त्याला आडवं घातलं आणि चौघांनी धरलं. खांदे वडिलांनी, हात कंपाउंडरने आणि एका अनोळखी माणसाने, आणि दुसरा पाय मी. माझं वय दहा. नऊ टाके पडले. टाके घालणाऱ्यांनी निर्दयपणा केला असं मी म्हणणार नाही; तेव्हा सगळीकडे असंच चालायचं, आणि पोराने ओरडायचं, मोठ्यांनी गप्प गप्प म्हणायचं, हाच रिवाज होता. टाच महिन्यात भरली. भीती भरली नाही. माझा भाऊ त्यानंतर आपणहून कधी डॉक्टरांकडे गेला नाही. पन्नाशीत त्याला मधुमेह निघाला तो पायाची जखम चिघळल्यावर, आणि तोवर दोन बोटं गेली होती.

बारामतीला पोचलो तेव्हा साडेआठ वाजले होते. एक तरुण भूलतज्ज्ञ बाई आल्या. त्यांनी आधी जखम पाहिली नाही, नातीला वजनकाट्यावर उभं केलं. चौदा किलो. मग शेवटचं काय आणि कधी खाल्लं ते विचारलं. सहा वाजता दूध प्यायली होती. मग रक्त थांबलेलं आहे, घाई नाही, पोट रिकामं होऊ द्या, असं म्हणून त्यांनी आम्हाला बसवून ठेवलं. गुंगीत उलटी झाली तर ती श्वासनळीत जाऊ शकते, म्हणून. मध्यरात्री त्यांनी सुई नसलेली एक लहानशी सिरिंज घेतली. तिच्या टोकाला मऊ बोंडासारखं काहीतरी होतं. निम्मं औषध एका नाकपुडीत, निम्मं दुसऱ्या. पोर एकदा जोरात रडली, कारण ते औषध नाकात जरा झोंबतं. नंतर आईच्या मांडीवरच बसून राहिली. दहा मिनिटांत तिची नजर जडावली आणि भिंतीवरच्या पालीकडे बघत ती आपल्याशीच हसू लागली. पायाच्या अंगठ्याला लाल दिव्याचा चिमटा लावला होता. एक नर्स फक्त त्या यंत्राकडे आणि पोरीच्या छातीकडे बघत उभी होती. तिला दुसरं काहीच काम दिलं नव्हतं. ओठात बधिर करण्याची सुई टोचली तेव्हा पोरीने भुवई तेवढी आक्रसली. पाच टाके पडले. कोणी तिला धरलं नव्हतं.

चाळीस वर्षं आकड्यांत घालवलेला मी माणूस. नंतर बाईंना विचारलं की, किती थेंब द्यायचे हे ठरतं कशावर? त्या म्हणाल्या, वजनावर. आणि मोजून भूल देण्याची ही शिस्त ज्याने घातली तो जॉन स्नो. मी चमकलो. हे नाव मला माहीत होतं ते पटकीच्या संदर्भात. पालखीच्या आधी आमच्याकडे विहिरींत आणि टँकरांत औषध टाकतात, पाणी तपासतात, त्या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी ज्याचं नाव सांगतात, तो हा स्नो. पाण्याचा माणूस भुलेचाही निघाला. पुढचे तीन महिने मी त्याच्यावर जे मिळेल ते वाचलं.

जॉन स्नो जन्मला १५ मार्च १८१३ रोजी, इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात. बाप कोळशाच्या वखारीत मजूर. नऊ भावंडांत हा थोरला. घर नदीकाठच्या गरीब वस्तीत. औज नदीला पूर आला की पाणी वस्तीत यायचं. चौदाव्या वर्षी त्याला न्यूकॅसलच्या एका शल्यवैद्याच्या हाताखाली उमेदवारीला ठेवलं. तिथल्या कोळशाच्या खाणींत १८३१-३२ मध्ये पटकी शिरली तेव्हा आजाऱ्यांच्या शुश्रूषेला पाठवलं ते या पोरसवदा उमेदवाराला. सतराव्या वर्षी त्याने मांसाहार सोडला. पुढे बरीच वर्षं दारूला शिवला नाही, पाणीही ऊर्ध्वपातित करून प्यायचा, लग्न केलं नाही. आपल्याकडे असता तर माळकरी म्हणून खपला असता. १८३६ मध्ये तो लंडनला शिकायला निघाला तो पायी, तेही लिव्हरपूल, वेल्स असा मोठा वळसा घालून.

लंडनमध्ये सोहो भागात त्याने दवाखाना थाटला. बोलणं कमी, आवाज घोगरा, ओळखीपाळखी नाहीत, रोगी येईनात. ज्याला गिऱ्हाईक नसतं त्याला वेळ असतो, आणि स्नोने तो वेळ श्वासावर घालवला. १८४१ मध्ये वैद्यकीय मंडळापुढे त्याने वाचलेला निबंध जन्मतःच न रडणाऱ्या, श्वास न घेणाऱ्या बाळांना कसं वाचवावं याविषयी होता. तेव्हा भूल नावाची गोष्ट अजून शस्त्रक्रियेत आलीच नव्हती. छातीत हवा किती जाते, रक्तात काय मिसळतं, याचा विचार तो पाच वर्षं आधीपासून करत होता, हे लक्षात ठेवलं म्हणजे पुढचं सगळं उलगडतं.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेत बोस्टनच्या इस्पितळात मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने ईथर हुंगवून रोग्याला झोपवलं आणि त्याच्या मानेवरची गाठ कापली गेली. डिसेंबरात ही विद्या लंडनला पोचली. जो तो ईथर हुंगवू लागला. कोणाला लागू पडे, कोणाला पडत नसे. कोणी बरळे, कोणी उठून पळे. लोक म्हणाले, औषधच लहरी आहे. स्नोने पाहिलं आणि त्याच्या ध्यानात आलं की लहरी औषध नाही, देणारा आहे. हवा थंड असली की ईथरची वाफ कमी होते, ऊन असली की वाढते. त्यामुळे थंडीतल्या सकाळी आणि चुलीजवळच्या खोलीत तोच बोळा निराळा डोस देतो. १८४७ च्या जानेवारीतच त्याने तापमानागणिक वाफेच्या प्रमाणाचा तक्ता तयार केला, पाण्यात बुडवून ठेवायचं, म्हणजे ऊब कायम राहील असं उपकरण बनवलं, आणि त्याच वर्षी पुस्तक लिहून भुलेच्या पाच पायऱ्या सांगितल्या. रोगी कोणत्या पायरीवर आहे हे डोळे, श्वास आणि अंगाची शिथिलता पाहून ओळखायचं. व्याजाचा दर न ठरवता कर्ज वाटणाऱ्या गावात पहिल्यांदा कोणी कोष्टक लावलं म्हणावं, तसं हे झालं.

त्याच नोव्हेंबरात एडिंबरोच्या सिम्प्सनने क्लोरोफॉर्म आणलं. ते गोड वासाचं, थोडक्यात काम करणारं, नेायला सोपं. रुमालावर चमचाभर ओता आणि नाकाशी धरा, एवढी सोपी त्याची रीत होती. तीन महिने गेले नाहीत तोच २८ जानेवारी १८४८ रोजी न्यूकॅसलजवळच्या विन्लटन गावी हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी त्याने मेली. काम केवढं, तर पायाच्या अंगठ्याचं नख काढायचं. आदल्या वर्षी दुसऱ्या पायाचं नख ईथर देऊन काढलेलं होतं, त्यामुळे पोर आधीच भेदरलेली, रडत होती. तिला खुर्चीत बसवलं, चमचाभर क्लोरोफॉर्म कापडावर टाकून नाकाशी धरलं. नखाला हत्यार लागताच तिने पाय झाडला, ओठ पांढरे पडले. पाणी पाजलं, ब्रँडी पाजली. सगळं मिळून तीनेक मिनिटांचा खेळ.

क्लोरोफॉर्मने मेलेली ती पहिली म्हणून तिची नोंद आहे. सिम्प्सन हा थोर माणूस, पण आपल्या औषधाला दोष लागू द्यायला तो तयार नव्हता. ती पाणी आणि ब्रँडी घशात अडकून गुदमरली, असं त्याचं म्हणणं पडलं. स्नोने औषधालाही एकदम गुन्हेगार ठरवलं नाही, देणाऱ्या वैद्यालाही नाही. त्याने बोट ठेवलं ते रुमालावर. रुमालातून येणारी वाफ एका श्वासात पातळ तर दुसऱ्या श्वासात इतकी दाट असू शकते की ती थेट हृदय थांबवील. शेकडा पाचाहून अधिक वाफ हवेत असता कामा नये, असा त्याचा आग्रह. त्यासाठी त्याने नाकतोंड झाकणारा मुखवटा केला आणि त्याला सरकती झडप बसवली. झडप जशी उघडावी तशी मोकळी हवा आत येई. या वादात स्नो एकाकी पडला नाही, पण जिंकलाही नाही. रुमाल खिशात असतो आणि उपकरण पेटीत न्यावं लागतं, हे त्याचं खरं कारण असावं असा माझा समज आहे.

मला स्नो आवडला तो मात्र त्याच्या वह्यांमुळे. जुलै १८४८ पासून मरेपर्यंत, दहा वर्षं, त्याने भूल दिलेल्या रोग्यांची रोजकीर्द लिहिली. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या ग्रंथालयात तिचे तीन खंड आहेत आणि १९९४ मध्ये ते छापूनही निघाले. तारीख, रोगी, काम काय, शस्त्रवैद्य कोण, भूल कशी लागली, उलटी झाली का. मोठ्या माणसाची नोंद आणि झोपडीतल्या पोराची नोंद त्याच शाईने, त्याच ओळीत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खतावण्या तपासलेल्या माणसाला अशा वह्या दिसल्या की हात जोडावेसे वाटतात. एकूण चारेक हजार माणसांना त्याने क्लोरोफॉर्म दिलं.

आणि यात मुलं भरपूर होती. दुभंगलेल्या ओठाची काही आठवड्यांची तान्ही, मूतखड्याची पोरं, दात काढायची, डोळ्याची. एक वर्षाच्या आतल्या शंभराहून अधिक बाळांना त्याने भूल दिली. तान्ह्यांना भूल द्यावीच का, त्यांना कळतं काय, असं मानणारे तेव्हा होते. पुढेही बराच काळ होते. स्नोने मात्र पाहून लिहून ठेवलं की मुलं लवकर गुंगतात आणि लवकर शुद्धीवर येतात, कारण त्यांचा श्वास आणि रक्ताभिसरण दोन्ही वेगाने चालतं. म्हणजे मूल हे लहान आकाराचं मोठं माणूस नव्हे. त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

हे वाचताना मला आमच्या आजीचा डबा आठवला. शेतात निंदायला, खुरपायला जाणाऱ्या बायका तान्ह्याला अफूची बाळगोळी चाटवून झोळीत टाकत. पोर दिवसभर निपचित. मुंबईत गिरणीतल्या बायकाही तेच करत. स्नोच्या इंग्लंडात कारखान्यातल्या आया गॉडफ्रेज कॉर्डियल नावाचं अफूचं सिरप पाजत, आणि त्यातली काही बाळं झोपेतच जात. मुलांना झोपवण्याचं औषध माणसाला कधीच नवं नव्हतं. गोळी नखाएवढी की मुगाएवढी, हे ज्याच्या त्याच्या हातावर होतं, एवढंच.

स्नोचं नाव लंडनभर झालं ते ७ एप्रिल १८५३ नंतर. त्या दिवशी व्हिक्टोरिया राणीच्या आठव्या बाळंतपणात, राजपुत्र लिओपोल्डच्या जन्माच्या वेळी, त्याने तिला क्लोरोफॉर्म दिलं. गंमत अशी की तिथे त्याने आपलं उपकरण नेलं नाही. घडी घातलेल्या रुमालावर थोडे थोडे थेंब टाकत, कळ येईल तेवढ्यापुरतं, ५३ मिनिटं तो देत राहिला. राणी बेशुद्ध झाली नाही. हातात इतकं माप मुरल्यावर रुमालही चालतो. १८५७ मध्ये बिएट्रिसच्या वेळी पुन्हा त्यालाच बोलावलं. पूर्वी धर्माच्या नावाने नाकं मुरडणाऱ्यांचा आवाज राणीच्या उदाहरणाने बराच खाली आला.

मधल्या काळात, १८५४ च्या ऑगस्टअखेर, त्याच्याच सोहोत पटकीचा भडका उडाला आणि काही दिवसांत सहाशेवर माणसं गेली. रोग दुर्गंधीने पसरतो, असं तेव्हाचे बहुतेक शहाणे मानत. वायू श्वासावाटे शरीरात कसे जातात हे स्नोइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. दुर्गंधीने आतड्याचा रोग होईल हे त्याला पटेचना, याचं मूळ मला तिथेच दिसतं. घरोघर फिरून त्याने मृत्यू मोजले, ब्रॉड स्ट्रीटच्या हातपंपाकडे बोट दाखवलं आणि ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. साथ तेव्हा ओसरू लागलीच होती, हे त्याने स्वतःच मान्य केलं. त्या पंपात विष आलं कुठून, हे व्हाइटहेड नावाच्या तरुण पाद्र्याने नंतर शोधलं. शेजारच्या घरातल्या एका तान्ह्या बाळाचे दुपटे धुतलेलं पाणी खालच्या हौदातून झिरपत विहिरीला मिळालं होतं. ही हकिगत शाळेच्या पुस्तकातही सापडते, म्हणून इथे लांबवत नाही.

१० जून १८५८ रोजी क्लोरोफॉर्मवरचा मोठा ग्रंथ लिहीत असताना त्याला पक्षाघाताचा झटका आला. १६ जूनला तो गेला. वय ४५. त्या ग्रंथात क्लोरोफॉर्मखाली झालेले ५० मृत्यू त्याने एकेक करून तपासले आहेत, बुडीत खाती तपासावीत तसे. पुस्तक त्याच्यामागे मित्राने छापलं. लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकाने त्याच्या निधनाची बातमी चार ओळींत संपवली आणि तीत पटकीचा उल्लेखही केला नाही.

त्याचा वाद मात्र त्याच्यामागे आपल्या उंबऱ्यापर्यंत आला. इंदापूरवरून जो महामार्ग सोलापूरला जातो तोच पुढे हैदराबादला पोचतो. तिथे निजामाच्या पदरी एडवर्ड लॉरी नावाचा सर्जन होता. क्लोरोफॉर्म हृदयाला धक्का लावत नाही, श्वासाकडे लक्ष द्या म्हणजे झालं, हा त्याचा हट्ट. १८८८ आणि १८८९ मध्ये निजामाच्या पैशाने दोन आयोग बसले, शेकडो जनावरांवर प्रयोग झाले आणि निकाल लॉरीच्या बाजूने लागला. त्याच्याच हाताखाली रूपाबाई फर्दुनजी या पारशी बाई भूल द्यायला शिकल्या. जगातल्या अगदी पहिल्या भूलतज्ज्ञ स्त्रियांत त्यांचं नाव घेतात. पण स्नोच बरोबर होता, हे कळायला १९११ साल उजाडलं. लेव्ही नावाच्या संशोधकाने दाखवलं की क्लोरोफॉर्मची भूल अर्धवट असताना भीतीमुळे किंवा वेदनेमुळे शरीरात ॲड्रेनलिन उसळलं, तर हृदयाचा ताल बिघडून ते थांबू शकतं. अर्धवट भूल आणि भेदरलेलं मूल. हॅना ग्रीनरचा मृत्यू बहुधा असाच झाला असावा.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. माझ्या भावाला भूल दिलीच नव्हती, म्हणून तो वाचला असंही म्हणता येईल. पण भीती ही नुसती रडारड नसते, ती रक्तात उतरते, हे तोवर मला कोणी सांगितलं नव्हतं.

क्लोरोफॉर्म आता दवाखान्यांतून गेलं. मुलांची भीती मात्र राहिली, आणि तिचं पहिलं कारण असतं तोंडावर येणारा मुखवटा, दुसरं सुई. गोड सिरप पाजावं तर पोर थुंकतं आणि किती पोटात गेलं ते कळत नाही. म्हणजे पुन्हा रुमालाचीच गत. नाकाचा रस्ता सापडला तो यातून. नाकाच्या आतल्या पातळ त्वचेखाली रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. तिथून औषध यकृताला वळसा घालून सरळ रक्तात जातं. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांनी शाळेत न जाणाऱ्या वयाच्या मुलांना शस्त्रक्रियेआधी मिडाझोलाम नाकातून देऊन पाहिलं आणि नंतर ते जगभर गेलं. आमच्या नातीला दिलं ते हेच. किलोमागे मिलिग्रॅमचा पाचवा ते अर्धा हिस्सा, एवढाच त्याचा पल्ला. आणि एका नाकपुडीत मिलिलिटरभराहून जास्त घालून उपयोग नाही, ते घशात उतरतं. दुसरं औषध डेक्समेडेटोमिडिन. ते झोंबत नाही, झोपेसारखी झोप आणतं, पण अर्धा तास वाट पाहायला लावतं आणि नाडी मंद करतं. एमआरआयच्या घणघणत्या नळीत पोराला निश्चल पडून राहायचं असतं, तिथे ते बरं पडतं.

फवारा दिसायला साधा असतो, आणि तोच त्याचा धोका आहे. मिडाझोलामने श्वास मंदावू शकतो. म्हणून तो वजनकाटा, ते रिकामं पोट, ऑक्सिजनचा सिलिंडर, औषध उतरवणारं दुसरं औषध, आणि ती काहीही न करता नुसती बघत उभी असलेली नर्स. अंगठ्याचा तो चिमटा म्हणजे पल्स ऑक्सिमीटर, १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागींनी त्याचं तत्त्व शोधलं. स्नोकडे तो नव्हता. त्याला पोराच्या ओठाचा रंग आणि छातीची हालचाल यांवरच भागवावं लागलं. बारामतीत तर २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. तालुक्याच्या गावी भूलतज्ज्ञ मिळणं ही आमच्या लहानपणी कल्पनेतलीही गोष्ट नव्हती. तरी हा फवारा घरी आणून पोराला शांत बसवण्यासाठी वापरता येईल का, असं मला आमच्याच आळीत दोघांनी विचारलं. आजीच्या डब्याची गोष्ट त्यांना सांगितली.

आम्हाला बारामतीहून सोडलं ते नात पाणी प्यायली, तिने आपलं नाव सांगितलं आणि आईचा हात धरून सरळ चालली तेव्हा. दोन वाजून गेले होते. सकाळी तिला रात्रीचं काही आठवत नव्हतं. पालीचंही नाही. नाकात तिखट गेलं होतं, एवढं म्हणाली.

पालखीच्या दिवसांत भाऊ नेहमीप्रमाणे घरी आला. नातीने त्याला ओठ दाखवला. त्याने चष्मा वर करून व्रण पाहिला आणि मला विचारलं की पाय कोणी धरले होते. कोणीच नाही, म्हणालो. त्याला ते खरं वाटलं नाही. त्याने सुनेलाही स्वयंपाकघरात जाऊन तेच विचारलं.